शेषगिरी मास्तरांचा रानातला उपास

धारवाडात शेषगिरी मास्तरांना लोक दोन गोष्टींसाठी ओळखत. एक, ते सुधारक होते. दुसरी, चाळिशी उलटल्यावर ते अर्धी विजार घालून भर रस्त्यानं जात. पहिल्या गोष्टीबद्दल कुणाची विशेष तक्रार नव्हती, कारण ती सभेपुरती असे. दुसरी मात्र रोज डोळ्यांसमोरून जाई.

विजारीत मास्तरांचा दोष नव्हता. त्यांच्या हायस्कुलात स्काउटांचं पथक काढायचं ठरलं, तेव्हा हेडमास्तरांनी सगळ्या शिक्षकांवरून एकवार नजर फिरवली. संस्कृतचे शास्त्री खिडकीबाहेर बघू लागले, गणिताच्या मास्तरांना खोकल्याची उबळ आली, आणि भूगोलाचे शेषगिरी मास्तर बेसावध सापडले. मुलांना रानात न्यायचं, दोरीच्या गाठी शिकवायच्या, मागोवा काढायला शिकवायचं, चूल पेटवायला शिकवायचं, असं ते काम होतं. मास्तरांनी त्या दिवसापर्यंत घरची चूलसुद्धा लांबूनच पाहिलेली होती.

शिंप्यानं गणवेश आणून दिला त्या संध्याकाळी मास्तरांच्या पत्नी कृष्णाबाईंनी विजार दोन बोटांत धरून उजेडात पाहिली.

"अहो, हे शिवून पुरतं झालंय, का शिंप्याचं कापड संपलं?"

"गणवेशच असा असतो. साहेबसुद्धा असाच घालतो."

"साहेबाला जावई शोधायचा नाही. आपल्याला शोधायचाय. वत्सलेची पत्रिका बाळाचार्यांकडं पडलीय, आणि तुम्ही त्यांच्याच दारावरून असे गुडघे मिरवत जाणार. अय्यो, देवा!"

बाळाचार्य म्हणजे गल्लीतलं वजनदार माणूस. कुणाची सोयरीक जुळवायची आणि कुणाची मोडायची हे त्यांच्या ओटीवर ठरे. वत्सलेसाठी त्यांच्या पुतण्याचं स्थळ आलं होतं. शिवाय त्यांचा मुलगा प्रभंजन मास्तरांच्याच पथकात होता. म्हणजे मास्तर शाळेत काय करतात ते बाळाचार्यांना संध्याकाळच्या संध्येआधी कळत असे.

पण गुडघ्यांची लाज माणसाला फार दिवस पुरत नाही. महिन्याभरात मास्तरांना विजारीत वारा लागतो हे आवडू लागलं, आणि पुढच्या महिन्यात त्यांनी स्काउटांचं इंग्रजी नियमपुस्तक मराठीत आणायला घेतलं. दर शनिवारी पथक केलगेरीच्या तळ्यावर जाई, आणि बांधावर मुलांना बसवून मास्तर आपलं भाषांतर वाचून दाखवत. त्यातलं एक वाक्य त्यांचं फार लाडकं होतं. "स्काउट हा प्रत्येक स्काउटाचा भाऊ असतो, मग तो कोणत्याही जातीचा असो." इथं त्यांचा आवाज नेमका कापत असे. हेडमास्तरांनी तेच वाक्य स्नेहसंमेलनात वाचायला लावलं, तेव्हा पालकांनी टाळ्या वाजवल्या. स्नेहसंमेलनात जेवण नव्हतं, त्यामुळे टाळ्या मनापासून होत्या.

त्याच पुस्तकात पुढं आणखी एक कलम होतं. पहिल्या वर्गाचा बिल्ला हवा असेल त्या मुलानं उघड्या रानात, दोनच काड्यांत चूल पेटवून स्वतः जेवण रांधावं, आणि पथकाच्या मास्तरानं ते खाऊन पाहावं. हे वाक्य मास्तरांनी भाषांतराच्या भरात लिहून टाकलं. "खाऊन पाहावं" म्हणजे कुणी, हा विचार त्यांनी केला नाही.

तो विचार करायची वेळ मारुतीमुळं आली.

मारुतीचे वडील गणपत बाजारात वहाणा शिवत. मास्तरांच्या कमरेचा रुंद पट्टा त्यांनीच शिवलेला होता, आणि तो मास्तरांच्या कमरेला चालत होता. मारुती पथकात सगळ्यांत पुढं. गाठ म्हणाल ती गाठ डोळे मिटून मारायचा, निशाणांनी संदेश पाठवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. बिल्ल्यासाठी रांधण्याची परीक्षा तेवढी उरली होती. ज्यांना नाताळची सुट्टी संपेपर्यंत बिल्ला मिळेल त्यांना कारवारच्या मेळाव्याला जायचं होतं, समुद्राकाठी. मारुतीनं समुद्र पाहिला नव्हता. भूगोलाच्या तासाला त्यानं मास्तरांना विचारलं होतं, "मास्तर, त्याचा पलीकडचा काठ खरंच दिसत न्हाई?" पुढच्या वर्षी तो शाळेत असणार नव्हता, वडिलांच्या शेजारी बाजारात बसणार होता. तेव्हा समुद्र बघायचा तर आत्ताच, आणि तो आता मास्तरांच्या एका घासावर अडला होता.

नाताळच्या सुट्टीत पथक कलघटगीकडच्या रानात निघालं. निम्मी वाट सर्व्हिस मोटारीनं, उरलेली पायी, गाणी म्हणत. निघण्याआधी हेडमास्तरांनी पालकांना शब्द दिला होता की रानातसुद्धा ज्याची त्याची चूल वेगळी राहील. बंधुभाव सगळीकडं असेल, फक्त स्वयंपाकात येणार नाही.

ओढ्याकाठी तंबू ठोकले. मारुतीचा तंबू ओढ्याच्या पलीकडं, आणि पाण्याच्या खालच्या अंगाला. यात कुणाचा काही हेतू नव्हता. अलीकडं जागा अपुरी आहे असं मास्तरांनी ठरवलं, आणि मग त्या अपुऱ्या जागेत मुलांनी दुपारभर लंगडी खेळली.

उन्हं कलल्यावर परीक्षा सुरू झाली. उमेदवार दोघेच, प्रभंजन आणि मारुती. प्रभंजननं पहिल्या काडीत बोट भाजलं आणि दुसरीत मिशी नसलेला ओठ. त्याची चूल काही पेटली नाही. गेल्या महिन्यात केलगेरीला त्यानं भात केला होता तो पातेल्यासकट पुरावा लागला होता, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. ओढ्यापलीकडून मात्र एकाच काडीत धूर निघाला, आणि थोड्या वेळानं लसणीच्या फोडणीचा असा काही वास आला की अलीकडची मुलं शिस्तीची रांग सोडून काठाला लागली.

"मास्तर, तयार हाय!" मारुतीनं हाक मारली.

मास्तर दगडांवरून तोल सावरत पलीकडं गेले. पळसाच्या पानावर भाकरी, भाकरीवर पिठलं, वर मिरचीचा ठेचा. सकाळी लवकर जेवून निघालेल्या मास्तरांच्या तोंडाला पाणी सुटलं. ते उकिडवे बसले. हात पुढं केला. आणि कुणी बघतंय का म्हणून मान वर केली.

समोरच्या काठावर खडकावर उभा राहून प्रभंजन मान लांब करून बघत होता. नाक थेट बाळाचार्यांचं. कानसुद्धा बाळाचार्यांचेच. मास्तरांना त्या दोन कानांच्या मध्ये वत्सलेची पत्रिका दिसली.

"वास छान आहे," मास्तर म्हणाले.

"चाखा की, मास्तर."

"वास छानच आहे." मास्तरांचा हात पानावरच थबकला होता. पुढं नेता येईना, मागंही घेता येईना. आणि मग, सभेत वक्त्याला ऐन वेळी सुचावं तसं त्यांना सुचलं. "अरे पण मारुती, आज दशमी नाही का?"

"असंल, मास्तर."

"मग झालं तर! दशमीला आम्ही एकदाच जेवतो. सकाळी घरी जेवून निघालोय. आता कसं खाणार?"

"मास्तर!" खडकावरून प्रभंजन ओरडला. "तुम्ही दिनत्रय पाळता?"

दिनत्रय हे त्यांच्या माध्व ब्राह्मणांतलं फार कडक प्रकरण. दशमीला एकच जेवण, एकादशीला पाण्याचा थेंब नाही, आणि द्वादशीला उजाडता उजाडता पारणं. मास्तरांच्या घरी ते त्यांच्या आईबरोबरच संपलं होतं. मास्तर एकादशीला साबुदाणा खात, आणि कामानं हुबळीला गेले असले तर साबुदाण्यापुरते थांबतही नसत.

"हो तर," मास्तर म्हणाले.

"तिन्ही दिवस? कडक?"

"कडक म्हणजे... कडकच."

शब्द तोंडातून गेल्यावर मास्तरांनी मनाशी हिशेब केला. आज दशमी. उद्या एकादशी. परवा द्वादशी, आणि परवा सकाळीच तंबू उतरवायचे. पंचांगानं आजवर त्यांची इतकी चोख सोय कधी केली नव्हती, आणि इतकी गैरसोयही.

"मग परीक्षेचं कसं, मास्तर?" मारुतीनं विचारलं.

"बघू. बघू या काही तरी."

मारुतीनं पिठल्यावर दुसरं पान झाकलं. "माझंच चुकलं, मास्तर. दशमी बघायला पायजे होती."

मास्तर दगडांवरून परत आले. येताना त्यांचा एकदाही तोल गेला नाही. ते खालीच बघत होते.

एकादशीचा दिवस मास्तरांनी कसा काढला ते सांगण्यासारखं नाही, पण सांगितलं पाहिजे. सकाळी त्यांनी नेहमीप्रमाणं तांब्या उचलला, तर प्रभंजन समोर हजर. "मास्तर, चूळच भरणार ना?" मास्तरांनी चूळ भरली. एक थेंबही आत जाणार नाही अशी, सगळ्यांना दिसेल अशी भरली. प्रभंजननंही त्यांच्याबरोबर उपास धरला होता. "तुम्ही एकटे कसे करणार, मास्तर?" असं तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा इतका भक्तिभावाचा होता की मास्तरांना त्याची भीती वाटली.

दोरीचा पूल बांधायचा धडा मास्तरांनी कोरड्या जिभेनं दिला. मुलं त्यांना बसायला खोका आणत, वारा घालत, आपापसांत हळू बोलत. हुबळीच्या धान्यपेठेतल्या व्यापाऱ्याचा मुलगा बाळकृष्ण, ज्याला सगळे बाळू म्हणत, तो तर येणाऱ्या-जाणाऱ्या वाटसरूंना थांबवून सांगत होता, "आमचे मास्तर. निर्जळी हाय त्यांची." एक वाटसरू जोडे काढून नमस्कार करून गेला.

भर उन्हात ओढ्यापलीकडून मारुतीची हाक आली. तो कलघटगीच्या बाजारापर्यंत पायी जाऊन आला होता. हातात केळ्यांची फणी आणि एक शहाळं. त्यानं ते ओढ्यातल्या मधल्या दगडावर ठेवलं आणि मागं सरकला.

"मास्तर, फळाला विटाळ नसतो म्हणत्यात. केळी मी धुतल्यात बी."

मास्तर उठले होते. खोटं कशाला, ते दोन पावलं गेलेही होते.

"बेडा, बेडा! नको!" प्रभंजननं हात आडवा केला. "मारुती, निर्जळी म्हणजे निर्जळी. फळ पण चालत नाही. होय ना, मास्तर?"

"नाही चालत," मास्तर म्हणाले. शहाळ्याकडं न बघता हे म्हणायला त्यांना जेवढा संयम लागला तेवढा खऱ्या दिनत्रयालाही लागला नसता.

दुपारी मुलं म्हणाली, "मास्तर, तुम्ही पडा जरा. आम्ही मागोवा काढायचा सराव करतो." आणि पथक बांबूच्या बेटाकडं निघून गेलं. मास्तर तंबूत पडले. थोड्या वेळानं वाऱ्याबरोबर वास आला. लसणीची फोडणी. मास्तर उठून बसले. मुलांवर लक्ष ठेवणं हे पथकाच्या मास्तराचं कर्तव्य आहे, असं त्यांच्या भाषांतरात स्पष्ट होतं. ते मागावर निघाले.

माग सोपा होता. मोडलेली काडी, उलटा दगड, ओल्या मातीत टाचेचा ठसा. सगळं त्यांनीच शिकवलेलं. पण खरं सांगायचं तर त्यांनी यातलं काही पाहिलं नाही, ते नाकानंच गेले. ओढ्याच्या वळणावर करवंदीची जाळी होती. तिच्याआडून त्यांनी डोकावलं.

सगळं पथक गोल बसलं होतं. मध्ये मारुतीचं पातेलं. पाटलाचा मुलगा, कारकुनाचा मुलगा, वाण्याचा मुलगा, एकाच पातेल्यात भाकरी बुडवत होते. आणि सगळ्यांत मोठा घास होता प्रभंजनचा. एकादशीला. दोन्ही गाल फुगलेले.

"मारुती, आणखी घाल की," प्रभंजन म्हणाला. "काल रात्री कमी पडलं."

"पीठ संपायला आलं. उद्या मास्तरांसाठी ठेवायचं व्हतं."

"मास्तर उद्या तुझं खातायत!" बाळू म्हणाला.

"खातील की. काल दशमी व्हती म्हणून. न्हाई तर बसलेच व्हते. हात पण पुढं केलावता. वास छान हाय म्हणले. दोनदा म्हणले."

मग बाळूनं हळूच विचारलं, "प्रभ्या, तू त्या दिवशी काय सांगत होतास? तुझ्या मामानं मास्तरांना हुबळीच्या ठेसनावर..."

"उप्पिट खाताना बघितलं. हो."

"एकादशीला?"

"एकादशीला."

"मग आत्ताच कसं काय बाबा इतकं कडक?"

मास्तरांनी जाळीआड श्वास धरला. प्रभंजननं पहिल्यांदा मारुतीकडं पाहिलं. मारुती भाकरीचा तुकडा हातात धरून त्याच्या तोंडाकडं बघत होता.

"रानात आलं की माणूस सुधारतो," प्रभंजन म्हणाला.

"तेच की!" मारुतीचा चेहरा उजळला. "देवमाणूस हाय."

"पण भाषणात तर ते म्हणतात, सगळे भाऊ भाऊ..." एक लहानगा म्हणाला.

"भाषण वेगळं रे," बाळू म्हणाला. "जेव तू. आणि कुणी मास्तरांना सांगू नका हं, आपण एकत्र जेवतो ते. त्यांना वाईट वाटेल. सोवळं माणूस."

मास्तर जाळीआड बसून राहिले. ज्या प्रभंजनच्या भीतीनं त्यांनी हात आखडला होता, तो प्रभंजन पातेलं पुसत होता. घरी जाऊन तो काय सांगणार होता? काही नाही. वत्सलेच्या पत्रिकेला कसलाही धोका नव्हता, आणि काल संध्याकाळीही नव्हता. आता भ्यायला कुणी उरलं नव्हतं. उठायचं, जाळीबाहेर यायचं, गोलात बसायचं आणि म्हणायचं, मारुती, मलाही वाढ. एवढंच होतं. पातेल्यात अजून थोडं होतं, ते त्यांना दिसत होतं.

ते उठले नाहीत. मुलांनी आपल्याला काय म्हणून ओळखलंय हे त्यांनी नुकतंच ऐकलं होतं. तेवढं ऐकल्यावर चेहरा घेऊन बाहेर कसं यायचं, याचं कलम पुस्तकात नव्हतं. पण पाठलाग करणाराला आपला माग लागू नये म्हणून काय करावं, याचं होतं; पाण्यातून चालावं. शेषगिरी मास्तर बुटांसकट ओढ्यात उतरले आणि आपल्याच पथकापासून लपत, वाकून, पाण्यापाण्यानं तंबूकडं परत गेले. पातेलं पुसल्याचा आवाज त्यांच्या पाठीशी ऐकू येत होता.

संध्याकाळी मुलं परत आली, तेव्हा बाळूनं विचारलं, "मास्तर, बूट ओले कसे काय?"

"धुतले," मास्तर म्हणाले.

"घालून?"

प्रभंजननं त्या बुटांकडं बराच वेळ पाहिलं. तो मागोवा काढण्यात वाईट नव्हता.

द्वादशीला उजाडायच्या सुमाराला मास्तरांना जाग आली. त्यांनी एक निश्चय केला होता: आज मारुतीचं जेवायचं. सगळ्यांसमोर. काय व्हायचं ते होवो. निश्चय करून त्यांनी तंबूचं तोंड उघडलं, तर समोर पारण्याची तयारी चाललेली.

ओढ्याच्या गार पाण्यात अंघोळ करून, ओलेत्यानं, दातावर दात वाजवत प्रभंजन चुलीपुढं बसला होता. चूल पेटली होती. पातेल्यात आमटी उकळत होती. बाजूला पानावर रानातले आवळे, द्वादशीला आवळा लागतो म्हणून. बाकी पथक लांब, विटाळ होणार नाही अशा बेतानं, ओळीनं गप्प बसलेलं. आणि चुलीपुढचा प्रभंजन चुलीकडं बघतच नव्हता. तो ओढ्यापलीकडं बघत होता.

मास्तरांनी तिकडं पाहिलं. पलीकडच्या काठावर, उजाडत्या उजेडात, दोन्ही हातांत निशाणं घेऊन मारुती उभा होता. हात वर, आडवा, खाली, तिरका. मास्तरांना निद्रेतही वाचता आली असती अशी स्वच्छ अक्षरं. त्यांनीच शिकवलेली, इंग्रजी अक्षरं, पण शब्द आपले.

जे, ए, एल. के, ए, एम, आय. जाळ कमी.

प्रभंजननं एक लाकूड मागं ओढलं.

यू, पी, पी, यू. उप्पु. मीठ म्हणायला कानडी शब्द त्याला बरा वाटला असावा.

प्रभंजननं मीठ घातलं आणि पळी उंच धरून प्रश्नार्थक हलवली. आणखी? मारुतीचे हात वेगानं फिरले. एस, ए, के, यू. साकु. पुरे.

मास्तर झोपले आहेत, ओरडलं तर जागे होतील. जवळ गेलं तर चुलीला विटाळ होईल आणि मास्तरांचं पारणं मोडेल. म्हणून ते पोर थंडीत, तेवढ्या लांबून, एकेक अक्षर करून आमटी शिजवत होतं. मास्तरांनी तंबूचं तोंड पुन्हा लावून घेतलं. पण ते वाचत राहिले. फट मोठी होती. ढवळ. झाकण काढ. आता हिंग. आता उतर. एकही शब्द चुकला नाही, आणि मास्तरांना वाटत होतं की एखादा तरी चुकावा.

थोड्या वेळानं त्यांना उठवण्यात आलं. ते उठले. अंघोळ केली. पानावर बसले. निश्चय त्यांच्याजवळच होता. फक्त तो काढायला जागा सापडत नव्हती. "मारुतीचं पण... परीक्षा..." असं काहीसं ते पुटपुटले.

"पीठ संपलं, मास्तर," मारुती पलीकडून म्हणाला. "सांडलं."

सगळ्या पथकानं आपापल्या पायांकडं पाहिलं.

मास्तरांनी आमटीभाताचा पहिला घास घेतला. दोन दिवसांच्या पोटाला काहीही गोड लागतं हे खरं. पण ही आमटी पोटभरल्या माणसालाही पुन्हा मागायला लावणारी होती. मास्तरांचे डोळे भरून आले. मुलांना वाटलं, उपासानं.

"मास्तर, मी पास?" प्रभंजननं विचारलं. त्याच्या आवाजात खोडी होती.

"आमटी कुणी केली?"

"मी."

"मीठ कधी घालायचं ते कुणी सांगितलं?"

प्रभंजननं ओढ्यापलीकडं पाहिलं.

"मी तंबूतून निशाणं वाचत होतो," मास्तर म्हणाले.

ओढ्यापलीकडं मारुतीच्या हातातली निशाणं गळून पडली. त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

"मास्तर, मी अलीकडं आलो न्हाई," तो म्हणाला. "ओढ्यात पाय बी घातला न्हाई. देवाशपथ. भांड्याला शिवलो न्हाई, लाकडाला पण शिवलो न्हाई, लाकडं बाळूनं आणली. विचारा प्रभंजनला. लांबूनच केलं, मास्तर. तुमचं पारणं मोडलं न्हाई."

मास्तरांनी तोंड उघडलं. सांगायचं ते सगळं तयार होतं, कवायतीला उभ्या राहिलेल्या पथकासारखं ओळीनं. की दिनत्रय खोटं आहे. की मी दशमी पाळली नाही, तुझा घास टाळला. की काल मी जाळीआड होतो. पहिलाच शब्द पुढं यायचा होता, की बाकीचे आपोआप आले असते.

"मला ठाऊक आहे," मास्तर म्हणाले. "तू शिवला नाहीस."

पथकानं सुटकेचा श्वास सोडला. मारुतीनंही सोडला. प्रभंजननं तेवढा सोडला नाही. तो मास्तरांच्या तोंडाकडं बघत राहिला, आणि मग वाकून चुलीतली लाकडं विझवू लागला.

"तू पास," मास्तर घाईनं म्हणाले. "बिल्ला तुझा. कारवारला तू जाणार."

"पण मास्तर," बाळू म्हणाला, "पुस्तकात तर स्वतः रांधावं असं..."

"पुस्तक मी लिहिलंय."

"आणि मी?" प्रभंजन वर न बघता म्हणाला.

"तू नापास. तू पळी होतास."

मुलं खदखदून हसली. कुणीतरी टोपी उडवली. "मारुती कारवारला! मारुती कारवारला!" म्हणत अर्धं पथक ओढ्यात शिरलं आणि पाणी उडवू लागलं. मास्तरांनी हात धुतला. पानात अर्धी आमटी तशीच राहिली होती. प्रभंजन ते पान उचलायला आला.

"मास्तर," तो हळू म्हणाला, "त्याला जाऊन सांगा की."

"काय सांगू?"

प्रभंजननं पान उचललं. "काही नाही. खरकटं काढतो."

मास्तर उठले आणि दगडांवरून ओढा ओलांडून पलीकडं गेले. तंबू उतरवून, वळकटी बांधून मारुती उभा होता. मास्तरांना येताना पाहून त्यानं वळकटी खाली ठेवली आणि जमिनीला हात लावून लांबूनच नमस्कार केला.

"मास्तर, अप्पांना सांगतो. एवढं सोवळं पाळून पण तुम्ही मला पास केलं. दुसऱ्या कुणी केलं नसतं."

मास्तरांना त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा होता. नुसता हात ठेवला असता तरी पुष्कळ सांगून झालं असतं, निदान त्यांना तसं वाटलं. ते एक पाऊल पुढं गेले. मारुती एक पाऊल मागं सरला.

"अजून पारण्याचं तोंड हाय तुमचं, मास्तर. शिवाल."

"असू दे रे," मास्तर म्हणाले आणि आणखी पुढं गेले.

मारुती आणखी मागं सरला. त्याला वाटलं मास्तरांच्या लक्षात येत नाहीये. तो हसत होता, त्यांना सांभाळत होता, आंधळ्या माणसाला वाटेतून वाचवावं तसा नेमका तेवढंच अंतर ठेवून मागं मागं जात होता. मास्तर पुढं, मारुती मागं. पाण्यातली मुलं थांबून बघू लागली, त्यांना ही नवी कवायत वाटली. असं करत दोघं तो काठ चालून गेले, आणि मारुतीच्या टाचा ओढ्याच्या कडेला लागल्या. खाली डोह होता.

मास्तर थांबले. त्यांनी पुढं केलेला हात मागं घेतला. आणखी एक पाऊल टाकलं असतं तर पोर त्यांना विटाळ होऊ नये म्हणून पाण्यात पडलं असतं.